मंडळी कोण? : एका अर्ध्या वाचलेल्या उपमेविषयी

मागच्या मे महिन्यात मालवण किनाऱ्यावरच्या एका गावी आम्ही दोघे लग्नाला गेलो होतो. नवरी आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीची धाकटी बहीण. मिस्सा मराठीत होती, गायन बरेचसे कोंकणीत, आणि वाचनासाठी निवडला होता इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय, जेथे पतिपत्नींचे नाते ख्रिस्त आणि ख्रिस्तसभा यांच्या नात्याशेजारी ठेवले आहे. वाचन संपताच प्रवचन सुरू झाले. पती हा घरातला ख्रिस्त, पत्नी ही घरातली ख्रिस्तसभा. ख्रिस्तसभेने ख्रिस्ताला कधी उलट प्रश्न केला आहे काय, असा प्रवचनकारांचा सवाल होता. बाकांवरून कौतुकाचे हसू पसरले. आमची विद्यार्थिनी पुढच्याच बाकावर होती. ती हसली नाही. तीन वर्षांपूर्वी ती मुलाला घेऊन माहेरी परतली, तेव्हा समजूत घालायला आलेल्या बहुतेकांनी तिला हेच ऐकवले होते: चर्च कधी ख्रिस्ताला सोडून माहेरी जाते का? मराठी विषय घेऊन पदवीधर झालेल्या त्या मुलीने तेव्हा आम्हांला विचारले होते, "सर, मॅडम, उपमेला उत्तर कसं द्यायचं?"

त्या दिवशी आम्ही काहीतरी सांत्वनपर बोललो. उत्तर दिले नाही, कारण ते आमच्यापाशी नव्हते. आम्ही दोघेही वीस वर्षे अलंकार शिकवत आलो आहोत, हे येथे शरमेने नमूद करावे लागते.

त्या लग्नानंतर महिनाभराने एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ समीक्षकांचे व्याख्यान ऐकले. विषय मराठी ख्रिस्ती कवितेचा. त्यांचे प्रतिपादन असे की, देव वर आणि भक्तसमुदाय वधू ही प्रतिमा पाश्चात्त्य चर्चची आयात आहे. मराठी भूमीत ती रुजली नाही. म्हणूनच नारायण वामन टिळकांना ख्रिस्त ‘माउली’ म्हणून गवसला, वर म्हणून नव्हे. सभागृहाने माना डोलावल्या. आम्हांला मात्र राहून राहून मे महिन्यातले ते प्रवचन आठवत होते. प्रवचनकार आणि समीक्षक यांची एकमेकांशी ओळख असण्याचे कारण नाही, आणि झाली तर दोघे एकमेकांना प्रतिपक्ष समजतील. तरी दोघांची चूक एकच आहे. या प्रतिमेत वधू कोण आहे, हे दोघांनीही पाहिलेले नाही.

आधी प्रवचनकारांकडे वळू. इफिसकरांस पत्र पौलाने स्वतः लिहिले की त्याच्या परंपरेतल्या कोणी, हा वाद अभ्यासकांत जुना आहे. आपल्या प्रश्नाला त्याने बाध येत नाही. पत्नीने पतीच्या अधीन असावे हे ज्या बाविसाव्या वचनाच्या आधारे सांगितले जाते, त्या वचनात सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या काही ग्रीक हस्तलिखितांत क्रियापदच नाही. ते अध्याहृत आहे. कोठून घ्यायचे? त्याच्या लगतच्या आधीच्या एकविसाव्या वचनातून. आणि तेथे सांगितले आहे ते सर्वांनी परस्परांच्या अधीन होण्याविषयी. ज्या वाक्याला स्वतःचे क्रियापदही नाही, जे आधीच्या वाक्याच्या क्रियापदावर उभे आहे, त्याला त्या आधीच्या वाक्यापासून तोडून संसाराचा कायदा बनवणे हा धर्मशास्त्राचा प्रश्न होण्याआधी व्याकरणाचा प्रश्न आहे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही अध्याहार असा सोडवत नाही.

यापुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. कॅथलिक विवाहविधीच्या वाचनसंग्रहात या अध्यायाचा जो उतारा दिला आहे, तो बाविसाव्या वचनापासून सुरू होतच नाही. प्रीतीने चालण्याविषयीचे दुसऱ्या वचनातले आरंभीचे शब्द घेऊन तो थेट पंचविसाव्या वचनावर जातो, आणि पंचविसावे वचन पतींना उद्देशून आहे: ख्रिस्ताने स्वतःला अर्पण केले तसे प्रेम करावे. म्हणजे त्या दिवशी वेदीवरून वाचले गेले ते नवऱ्याचे कर्तव्य, आणि प्रवचनात आले ते नवरीचे. जे वाचलेच गेले नव्हते ते प्रवचनकारांनी स्मरणातून आणले. याला रोमचे धोरण म्हणता येणार नाही. १९८८ सालच्या ‘मुलिएरिस दिग्नितातेम’ या पत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही अधीनता परस्परांची आहे असे स्पष्ट म्हटले आहे, आणि त्याच पत्रात ख्रिस्तसभा वधू आहे म्हणजे तिच्यातले स्त्रीपुरुष असे सगळेच वधू होण्यासाठी बोलावलेले आहेत असेही म्हटले आहे. या पत्राला आता पस्तीस वर्षे उलटून गेली. सावंतवाडीला धर्मप्रांताचे पीठ होऊनही २००५ पासून बराच काळ लोटला. आमच्या किनाऱ्यावरच्या बाकांपर्यंत मात्र ते पत्र पोहोचलेले दिसत नाही.

आता अलंकाराकडे. मम्मटाने उपमेची व्याख्या करताना साधर्म्याबरोबर भेदाची अट घातली आहे, हे आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो. दोन वस्तू भिन्न असल्याशिवाय त्यांच्यात उपमा संभवत नाही. मुख चंद्रासारखे आहे असे म्हणण्यात मुख चंद्र नाही हे गृहीत आहे. इफिसकरांच्या पत्रात तुलनेचे वाचक शब्द पुन्हा पुन्हा येतात. ‘जसा’, ‘तसा’, ‘त्याप्रमाणे’. लेखक सावध आहे. पती ख्रिस्त आहे असे तो कोठेही म्हणत नाही, आणि शेवटी हे सारे मोठे रहस्य असून आपण बोलतो आहोत ते ख्रिस्ताविषयी आणि त्याच्या सभेविषयी, असे सांगून बाजूला होतो. प्रवचनकारांनी केले ते एवढेच की ‘जसा’ पुसून टाकला. उपमेचे रूपक झाले, भेद नाहीसा झाला आणि स्वयंपाकघरात एक देव उभा राहिला. ही अलंकाराची साधी हातचलाखी आहे; पण तिची किंमत कोणाला मोजावी लागते ते आम्ही पुढच्या बाकावर पाहिले.

(या ‘रहस्य’ शब्दाचाही एक इतिहास आहे. मूळ ग्रीक ‘मुस्तेरिओन’ला लॅटिन बायबलात ‘साक्रामेंतुम्’ हा प्रतिशब्द आला, आणि विवाह हा संस्कार असल्याच्या मताला या वचनात आधार दिसू लागला. १५२० साली लूथरने नेमके या शब्दांतरावर बोट ठेवले. भाषांतराच्या अभ्यासपत्रिकेत हे उदाहरण असायला हवे. तिथे अजूनही आपण म्हणी आणि वाक्प्रचारांच्या भाषांतरात अडकून पडलो आहोत.)

आणि आता ‘मंडळी’. कॅथलिकांच्या बोलण्यात ‘ख्रिस्तसभा’ असते. मराठी प्रॉटेस्टंट बायबलाने आणि त्याबरोबर वेंगुर्ल्यापर्यंत आलेल्या मिशनच्या मराठीने ‘मंडळी’ हा शब्द रूढ केला. भाषांतरकारांना त्या क्षणी सुचले होते की नाही कोण जाणे, पण मराठीने त्यांना एक अपूर्व योग साधून दिला. कारण ‘मंडळी’ म्हणजे पत्नीही. पत्नीचे नाव उच्चारायचे नाही म्हणून ‘आमची मंडळी’, ‘मंडळी माहेरी गेलीय’ असे म्हणणारे पुरुष आमच्या लहानपणी घरोघर होते. एका स्त्रीला समुदायाचे नाव द्यायचे, आणि एका समुदायाला स्त्री मानायचे, या दोन उलट वाटा मराठीत एकाच शब्दावर येऊन मिळतात. ग्रीक ‘एक्लेसिया’ आणि लॅटिन ‘एक्लेसिया’ स्त्रीलिंगी आहेत हे खरे, पण त्यांत बायको नाही. आमच्या ‘मंडळी’त आहे. हा शब्द ऐकताना मराठी पुरुषाला चटकन कळायला हवे की मंडळीत तोही बसला आहे. म्हणजे वधूपक्षातच नव्हे, तर वधूच्या जागी. ज्या चर्चमध्ये ते प्रवचन झाले तेथे पुरुष उजवीकडच्या बाकांवर होते, दाढ्या करून, इस्त्रीचे सदरे घालून, आणि प्रतिमेच्या तर्काने त्यांतला प्रत्येक जण नवरी होता. प्रवचनकार स्वतःही.

ही आमची कल्पनाशक्ती नव्हे. बाराव्या शतकात क्लेर्व्होच्या बर्नार्डने ‘गीतरत्न’ या बायबलातील प्रेमकाव्यावर शहाऐंशी प्रवचने दिली आणि तरी तो तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापलीकडे गेला नाही. त्याचे श्रोते मठातले पुरुष होते. त्यांना तो वधूच्या मुखाने बोलायला, वधूच्या विरहाने झुरायला शिकवत होता. पतीचा अधिकार हा त्या प्रवचनांचा विषयच नाही. हे वाचताना वारकरी घरातून आलेल्या आमच्यापैकी एकाला काहीही नवे वाटले नाही, आणि येथेच चर्चासत्रातल्या समीक्षकांशी आमचे भांडण सुरू होते.

ज्ञानदेवांच्या विराण्या कोणाच्या तोंडी आहेत? गौळणी कोणी रचल्या? दाढीमिशा असलेल्या संतांनी शतकानुशतके स्त्रीच्या आवाजात देवाला हाक मारली आहे, आणि कीर्तनातल्या एकाही श्रोत्याने त्यावरून बायकोला धाक घातल्याचे आम्ही ऐकलेले नाही. विवाहाचेच म्हणाल, तर ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंनी लग्नाचा छंद घेतला तेव्हा महदंबेने धवळे गायिले; मराठीतली आद्य कवयित्री आपल्याला भेटते तीच मुळी देवाच्या लग्नाची गाणी रचताना. एकनाथांनी शके १४९३ मध्ये, म्हणजे १५७१ साली, काशीस ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले, त्यात लग्न लागते ते जीव आणि शिव यांचे. दरवर्षी कार्तिकात आमच्या अंगणांत तुळशीचे लग्न लागते. अशा भाषेला देवाच्या लग्नाची प्रतिमा परकी कशी? आणि ज्या भाषेत थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली, आमच्या दक्षिणेस रायतूर येथे ओवीबद्ध होऊन छापले गेले, त्या भाषेतल्या ख्रिस्ती प्रतिमांना चारशे वर्षांनंतरही ‘आयात’ म्हणायचे, तर मग बटाटा आणि काजूही आमच्या जेवणातून काढून टाकावे लागतील.

टिळकांनी माउली निवडली हे खरे. परंतु कवीची निवड ही भाषेची असमर्थता नसते. टिळक ज्या वाटेने गेले ती तुकोबांची होती, आणि तिथे माउली हातीच होती. त्यावरून वर-वधूची प्रतिमा मराठीत अशक्य होती असे ठरवणे म्हणजे एकाने भात खाल्ला म्हणून गावात भाकरी नव्हती असे म्हणण्यासारखे आहे.

मात्र आमच्याच पक्षाला अडचणीत आणणारी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ‘रुक्मिणीस्वयंवरा’चे आपण काय केले? जीवशिवाच्या ऐक्याचा हा ग्रंथ घरोघरी उपवर मुलींच्या हाती गेला तो लग्न जमावे म्हणून. आमच्या दोघांच्याही आळीत त्याची पारायणे झाली आहेत. त्यातला अद्वैताचा अर्थ कोणी सांगितला नाही. चांगला नवरा मिळेल एवढेच सांगितले. म्हणजे रूपक उलटे वाचून मुलीच्या पदरात बांधायची विद्या ख्रिस्ती व्यासपीठाने शोधलेली नाही. ती आमची सर्वांची आहे. आणि याच किनाऱ्याच्या देवळांत शेस भरून स्त्रियांना देवाच्या सेवेला जखडले जाई, हेही विसरता येत नाही. देवाशी लग्न ही कल्पना कवितेतून उतरून जिवंत स्त्रीच्या देहावर कायदा म्हणून बसते तेव्हा काय होते, ते भाविणींच्या पिढ्यांनी सोसले. मुंबई इलाख्यात त्याविरुद्धचा कायदा यायला १९३४ साल उजाडले. प्रतिमेशी खेळणे निरुपद्रवी असते असे आम्हांस वाटत नाही ते यामुळे.

बायबलातली ही प्रतिमाही निष्पाप नाही. होशेय संदेष्ट्याने आपल्या मोडलेल्या संसारातून इस्राएलाच्या बेइमानीची कथा वाचली. त्यातले दुःख अस्सल आहे. पण वधूला उघडी करण्याची, तिचे मार्ग काटेरी कुंपणाने अडवण्याची धमकी तेथेच आहे. यहेज्केलच्या सोळाव्या आणि तेविसाव्या अध्यायांत तर शिक्षेची वर्णने वाचवत नाहीत. रेनिटा वीम्स या अमेरिकन विदुषीने १९९५ साली या प्रतिमांतील हिंसेवर एक पूर्ण पुस्तक लिहिले. प्रवचनकार हे अध्याय लग्नात वाचत नाहीत, आणि ते शहाणपणाचेच आहे. परंतु या अध्यायांचा मूळ श्रोता कोण होता? यरुशलेमचे सरदार, पुरोहित, व्यापारी, सगळे पुरुष. संदेष्टा त्यांना म्हणत होता, ती बदफैली बाई तुम्ही आहात. त्यांच्या पुरुषी अहंकाराला लाज वाटावी म्हणून ही प्रतिमा योजलेली होती. तिच्यामुळे स्त्रीच्या देहाचा वापर लज्जेचे साधन म्हणून झाला, हा तिच्यावरचा आक्षेप आम्हांला मान्य आहे आणि तो शिल्लकच राहतो. पण तिच्या आधारे पुरुषांनी स्वतःला देवाच्या जागी बसवून घेणे हा निव्वळ दरोडा आहे.

मराठी वाङ्मयाच्या वर्गात या सगळ्याची चर्चा व्हायला हवी अशी जागा एकच, आणि ती आपण दरवर्षी वाया घालवतो: ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मकथन आपण विनोदासाठी, निर्व्याज शैलीसाठी, आणि लहरी कवीला सांभाळणाऱ्या सोशिक पत्नीसाठी शिकवतो. परीक्षेतला ठरलेला प्रश्नही तसाच असतो. आता त्या पुस्तकातील घटनाक्रम पाहा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला विचारले नाही. लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग गेल्या नाहीत. मुलाला घेऊन त्या वेगळ्या राहिल्या, त्यातला काही काळ पंढरपुरात. पुढे नवऱ्याकडे परतल्या त्याही आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊन. एका छपराखाली नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू. जातिभेद मनुष्याने केला आहे हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले, मग सोवळे सुटले, आणि त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या आज्ञेने नव्हे. म्हणजे मराठी ख्रिस्ती साहित्यातली सर्वांत मोठी लेखिका आधी नवऱ्याला सोडून माहेरच्या माणसांत राहिली, आणि पुढे ‘मंडळी’त आली ती स्वतःच्या पायांनी. नवरा आणि ख्रिस्त हे दोन वेगळे आहेत, एकाकडे जाणे म्हणजे दुसऱ्याकडे जाणे नव्हे, हे तिने जगून दाखवले. त्या बाईंना कोणी ती उपमा ऐकवली असती तर काय उत्तर मिळाले असते, याची कल्पना करायला ‘स्मृतिचित्रे’चा वाचक समर्थ आहे.

आमच्या विद्यार्थिनीला समजूत घालणाऱ्यांतल्या एकाने असेही म्हटले होते की ख्रिस्ती बाईला कायद्यानेही सुटका नाही. हे तर सरळ चूक. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात विषमता होती: पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे कारण पुरे, पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली त्यातला भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि संसदेने २००१ साली कायदाच दुरुस्त करून दोघांना समान कारणे दिली. कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही, तो तिच्या श्रद्धेचा भाग आहे आणि त्यावर येथे वाद घालण्याचा आमचा हेतू नाही. पण विवाहबंध अविच्छेद्य मानणाऱ्या त्याच चर्चच्या कायद्यात, शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा आहे. हे मात्र व्यासपीठावरून कोणी सांगत नाही. उपमा सांगितली जाते.

त्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही रोसाला नवऱ्या मुलाच्या घरी गेलो होतो. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ च्या हुकूमनाम्यात लग्नातल्या अशा कितीतरी देशी चालीरीतींवर बंदी घातली होती. रोस तरीही टिकला. नवरीला तिच्या घरी नारळाच्या रसाने न्हाऊ घालतात तसे नवऱ्यालाही त्याच्या. मांडवात तो पाटावर डोळे मिटून बसला होता आणि बायका एकामागून एक येऊन ओंजळीने त्याच्या डोक्यावर रस ओतत होत्या, कोणी केसांत चोळत होती. ज्या पत्रावर दुसऱ्या दिवशी प्रवचन होणार होते त्यातही ख्रिस्ताने आपल्या वधूला पाण्याने न्हाऊ घालून शुद्ध केल्याचा उल्लेख आहे, आणि ती वधू म्हणजे सगळी ख्रिस्तसभा, बाईमाणूस काय नि बापयमाणूस काय, असे आमच्यापैकी एकाने शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या आजीला सांगितले. वर्गात बोलण्याची सवय, दुसरे काय. आजीने ऐकून घेतले, नातवाच्या ओघळणाऱ्या कपाळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मगे आमचे बापयेय व्हकलच, नाय?" व्हकल म्हणजे नवरी. मग त्यांनी वाटीतला उरलेला रस उचलला आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या म्हाताऱ्याच्या टकलावर रिकामा केला.